सर्व्हरमधल्या जीपीयू कार्डांवर लक्ष कसं ठेवायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जीपीयू कार्ड एका झटक्यात बंद पडलं, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा ते आधी मंदावतं. तापलं की स्वतःचा क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतं, वीज कमी पडली तर आहे त्यात भागवतं, मेमरीची एखादी ओळ खराब झाली तर तिच्या जागी राखीव ओळ वापरायला लागतं. प्रोग्राम चालूच राहतो, लाल अक्षरांत काही येत नाही. फक्त काल रात्रीत संपलेलं ट्रेनिंग आज दुपारपर्यंत रेंगाळतं, आणि सगळे मिळून कोडमध्ये चूक शोधत बसतात. मॉनिटरिंग बसवायचं ते हे मंदावणं पकडण्यासाठी. रंगीबेरंगी आलेख हा वरचा फायदा.

हा लेख लिनक्स सर्व्हरवर एनव्हिडियाची डेटा सेंटरची कार्डं (टी४, एल४०एस, ए१००, एच१०० वगैरे) पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं उबुंटूवरची आहेत. आज्ञा आणि पॅकेजांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

१. आधी कार्डं मोजा

सर्व्हर सुरू झाल्यावर पहिलं काम म्हणजे बिलावर जितकी कार्डं आहेत तितकी मशीनला दिसतात का, हे पाहणं. ‘एलएसपीसीआय’ चालवून त्यात एनव्हिडियाच्या ओळी मोजा. आठच्या जागी सात दिसल्या तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नसतं, कार्डाची वेगळी पॉवर केबल राहिलेली असते, किंवा बायोसमध्ये ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ बंद असतं. जास्त मेमरीच्या कार्डांना हा पर्याय चालू लागतोच.

मग ड्रायव्हर. उबुंटूच्या भांडारात नावाच्या शेवटी ‘सर्व्हर’ असलेली ड्रायव्हर पॅकेजं आहेत, ती घ्या. नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर आधीपासून लोड होत असेल तर तो ब्लॅकलिस्ट करावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारला जातो आणि रीबूटनंतर एक निळा पडदा येऊन तो पुन्हा मागतो. दूरवरून एसएसएचने काम करणाऱ्याला हा निळा पडदा दिसत नाही, म्हणून त्या वेळी बीएमसीचा (सर्व्हर दूरवरून सांभाळायची त्याच्यातली वेगळी चिप) रिमोट कन्सोल उघडा ठेवा.

रीबूट झाल्यावर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवा. तक्ता आला म्हणजे ड्रायव्हर बसला.

२. तो तक्ता वाचायला शिका

इथे थोडा वेळ घालवा, कारण पुढचं सगळं याच आकड्यांवर उभं आहे.

वर उजवीकडे कूडाची (जीपीयूवर प्रोग्राम चालवण्यासाठीचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) आवृत्ती दिसते. ती मशीनवर बसवलेली कूडा नसते. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठपर्यंतची कूडा चालवू शकतो, एवढंच ती सांगते. पंख्याच्या रकान्यात ‘एन/ए’ दिसलं तर घाबरू नका. सर्व्हरच्या बहुतेक कार्डांना स्वतःचा पंखा नसतो, हवा सर्व्हरच्या डब्यातले पंखे देतात. विजेच्या रकान्यात दोन आकडे असतात, सध्याचा वापर आणि मर्यादा. टी४ची मर्यादा ७० वॉट, पीसीआयई स्लॉटमधल्या ८० जीबीच्या ए१००ची ३०० वॉट, एसएक्सएम प्रकारच्या (स्लॉटऐवजी थेट बोर्डावर बसणाऱ्या) एच१००ची ७०० वॉटपर्यंत. तुमच्या कार्डाची मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा कमी दिसत असेल, तर आधी कोणीतरी ती मुद्दाम उतरवली आहे का ते विचारा.

आता सगळ्यांना चकवणारा रकाना, ‘जीपीयू-युटिल’. इथे १०० टक्के दिसलं की नवखा माणूस खूश होतो. पण या आकड्याचा अर्थ एवढाच की मोजणीच्या त्या छोट्याशा काळात कार्डावर कुठला ना कुठला कर्नेल (कार्डावर चालणारा प्रोग्रामचा तुकडा) सतत चालू होता. कार्डाच्या शेकडो हातांपैकी किती हात राबत होते, हे त्यातून कळत नाही. दुकानाचं शटर दिवसभर वर होतं म्हणून गिऱ्हाइकी झाली असं होत नाही, तसंच हे. त्यामुळे युटिल १०० आणि विजेचा वापर मर्यादेच्या निम्म्यालाच असं चित्र दिसलं, तर मी आधी विजेच्या आकड्यावर विश्वास ठेवतो. खरं काम करणारं कार्ड वीज खातंच.

आणखी एक सोय इथेच करून घ्या. शेवटचा प्रोग्राम संपला की ड्रायव्हर कार्डाची मांडामांड आवरतो आणि पुढच्या वेळी पुन्हा करतो. त्यात वेळ जातो, आणि मॉनिटरिंगची प्रत्येक विचारणाही रेंगाळू शकते. ‘एनव्हिडिया-परसिस्टन्सडी’ ही सेवा कायम चालू ठेवली की प्रश्न मिटतो.

३. निरोगी असतानाचे आकडे लिहून ठेवा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सहा महिन्यांनी पस्तावतात. कार्ड ७८ अंशांवर आहे, हे चांगलं की वाईट? पहिल्या आठवड्यात याच कामाला ते किती होतं, हे माहीत नसेल तर उत्तर देता येत नाही.

यासाठी एनव्हिडियाचं डीसीजीएम बसवा. डेटा सेंटर जीपीयू मॅनेजर असं पूर्ण नाव. आधीच्या आवृत्त्यांत एकच पॅकेज होतं, चौथ्या आवृत्तीपासून कूडाच्या मुख्य आवृत्तीनुसार वेगळी पॅकेजं आहेत, तेव्हा जुन्या लेखातली आज्ञा जशीच्या तशी उतरवू नका. बसवल्यावर ‘सिस्टमसीटीएल’ने ‘एनव्हिडिया-डीसीजीएम’ ही सेवा चालू करा आणि ‘डीसीजीएमआय डिस्कव्हरी -एल’ देऊन पुन्हा एकदा कार्डं मोजा.

मग कार्डं रिकामी असताना ‘डीसीजीएमआय डायग -आर १’ चालवा. हे काही सेकंदांत होतं आणि ड्रायव्हर, लायब्ररी, परवानग्या अशा वरवरच्या गोष्टी तपासतं. पातळी २ ला दोनेक मिनिटं लागतात. पातळी ३ मात्र कार्डाला खरोखर घाम फोडते आणि तिला बराच वेळ लागतो. नव्या सर्व्हरवर पातळी ३ एकदा तरी चालवाच, वॉरंटी ताजी असतानाच. कोणाचं काम चालू असलेल्या कार्डावर मात्र चालवू नका. त्याचा निकालही खोटा येईल आणि त्या माणसाचं कामही बिघडेल.

पातळी ३ चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर तीन गोष्टी टिपून घ्या. प्रत्येक कार्डाचं तापमान आणि वॉट. पीसीआयईची पिढी आणि लेनची (डेटाच्या समांतर मार्गांची) संख्या. आणि क्लॉक रोखला जात असेल तर त्याचं कारण.

लेनबद्दल थोडं. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला लिंक खालच्या पिढीवर येते, त्यामुळे तिची पिढी भार असतानाच तपासायची. लेन मात्र १६ च्या जागी ८ दिसल्या तर स्लॉटच तेवढा आहे की रायझर (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारी पट्टी) सैल आहे, ते पाहा. असं कार्ड वर्षभर बिनतक्रार चालतं, डेटा मात्र निम्म्या रस्त्याने येत राहतो.

क्लॉक रोखण्याचं कारण ‘एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी परफॉर्मन्स’ने कळतं. तिथे ‘एसडब्ल्यू पॉवर कॅप’ सक्रिय दिसलं तर चिंता नको, पूर्ण भारात कार्ड विजेच्या मर्यादेला टेकलं एवढाच त्याचा अर्थ. ‘एचडब्ल्यू थर्मल स्लोडाऊन’ दिसलं तर हवा कमी पडते आहे. ‘एचडब्ल्यू पॉवर ब्रेक’ दिसलं तर बाहेरून, म्हणजे बहुधा सर्व्हरच्या पॉवर सप्लायकडून, कार्डाला आवरतं घ्यायला सांगितलं गेलं आहे. पॉवर सप्लाय सगळे चालू आहेत का आणि त्यांच्या वायरी वेगवेगळ्या लाइनवर आहेत का, ते तपासा.

हे सगळं एका साध्या फाइलमध्ये तारखेसह ठेवा. कार्डाचा सीरियल नंबरही लिहा. बदली कार्ड मागताना पुरवठादार आधी तोच विचारतो.

४. आकडे बाहेर काढा: एक्स्पोर्टर

आता रोज टर्मिनल उघडून बघायचं नाही, म्हणून डीसीजीएम-एक्स्पोर्टर. हा छोटा प्रोग्राम डीसीजीएमकडून आकडे घेतो आणि ९४०० या पोर्टवर साध्या मजकुरात मांडतो. डॉकरमध्ये चालवणं सोपं जातं. त्याआधी एनव्हिडिया कंटेनर टूलकिट बसलेलं हवं, नाहीतर कंटेनरला कार्डच दिसणार नाही. कंटेनर सुरू करताना सगळी जीपीयू द्या आणि ‘सिस-अ‍ॅडमिन’ ही क्षमता जोडा. ती नसेल तर प्रोफाइलिंगचे (कार्डाचे कुठले भाग किती राबतात ते सांगणारे) आकडे मिळत नाहीत.

इथे एक फास आहे. एक्स्पोर्टर स्वतःच्या पोटात डीसीजीएमचं इंजिन चालवू शकतो. सर्व्हरवर तुम्ही तीच सेवा आधीच सुरू केली असेल तर दोन इंजिनं होतात, आणि प्रोफाइलिंगच्या आकड्यांसाठी दोघांची ओढाताण होते. अशा वेळी एक्स्पोर्टरला ‘-आर’ पर्याय देऊन ५५५५ पोर्टवरच्या चालू इंजिनाशी जोडा, आणि कंटेनरला होस्टचंच नेटवर्क द्या. कोणी एनव्हिडियाच्या एनसाइट या साधनाने कोडचं प्रोफाइलिंग करत असेल तेव्हाही हीच भानगड होते. त्यावर ‘डीसीजीएमआय प्रोफाइल --पॉज’ आणि नंतर ‘--रिझ्यूम’ हा उपाय आहे.

चालू झाल्यावर ‘कर्ल’ने त्या पोर्टचा ‘मेट्रिक्स’ पत्ता उघडा. ओळीच ओळी आल्या पाहिजेत.

कुठले आकडे बाहेर काढायचे, हे ‘डिफॉल्ट-काउंटर्स’ नावाच्या सीएसव्ही फाइलमध्ये ठरतं. ती एकदा शांतपणे वाचा. बऱ्याच ओळींपुढे हॅशचं चिन्ह असतं, म्हणजे त्या बंद असतात. मी पुढच्या ओळी चालू करतो: एसएम अ‍ॅक्टिव्ह (कार्डाचे किती हात खरोखर राबतात ते यातून कळतं), पॉवर आणि थर्मल व्हायोलेशन (विजेमुळे आणि तापमानामुळे किती काळ वेग रोखला गेला), आणि ईसीसीच्या (मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) दुरुस्त न होणाऱ्या चुका. टेन्सर पाइप (मॅट्रिक्सचं गणित करणारा भाग), डीरॅम अ‍ॅक्टिव्ह (मेमरी किती वापरात आहे), मेमरीचं तापमान आणि एक्सआयडी (ड्रायव्हरचे चूक-क्रमांक, पुढे येतात) चालू आहेत याची खात्री करा. ए१०० किंवा एच१००चे एमआयजी या सोयीने तुकडे केले असतील (एका कार्डाचे सातपर्यंत होतात) तर जुना युटिलचा आकडा मिळतच नाही, तेव्हा प्रोफाइलिंगच्याच आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते. घरगुती जीफोर्स कार्डावर मात्र हे प्रोफाइलिंगचे आकडे मिळतील असं धरून चालू नका.

५. साठवा आणि दाखवा

प्रोमिथियस आकडे गोळा करून साठवतो, ग्राफाना ते दाखवतो. शक्यतो हे दोन्ही जीपीयू सर्व्हरवर नकोत, दुसऱ्या साध्या मशीनवर हवेत. सर्व्हर झोपला तर तो का झोपला, हे सांगणारा जागा राहायला हवा.

प्रोमिथियसच्या यॅमल फाइलमध्ये एक नवीन जॉब लिहा, त्यात सर्व्हरचा पत्ता आणि ९४०० पोर्ट. शेजारी नोड एक्स्पोर्टरचा ९१०० पोर्टही जोडा, म्हणजे सीपीयू, रॅम आणि डिस्क एकाच ठिकाणी दिसतात. कार्ड रिकामं बसण्याचं कारण बऱ्याचदा मंद डिस्क असते. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, जागा स्पेसनेच सोडायची. सेवा पुन्हा सुरू करण्याआधी ‘प्रॉमटूल चेक कॉन्फिग’ चालवा. मग ब्राउझरमध्ये ९०९० पोर्टवर ‘टार्गेट्स’चं पान उघडा, तुमच्या सर्व्हरपुढे ‘अप’ दिसलं पाहिजे.

दोन आकडे इथेच बदला. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच इतिहास ठेवतो. मंदावणं पकडायचं तर ते अपुरं आहे, निदान वर्षभराचा ठेवा. मोजक्या सर्व्हरांसाठी त्याला फार जागा लागत नाही. दुसरं, एक्स्पोर्टर मुळात ३० सेकंदांनी नवा आकडा घेतो. प्रोमिथियसला ५ सेकंदांनी विचारायला लावलं तर तेच आकडे पुन्हा पुन्हा साठतात. एक तर दोन्ही सारखे करा, नाहीतर ३० सेकंदांवर समाधान माना.

ग्राफाना ३००० पोर्टवर उघडतो. नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’, ते लगेच बदला. प्रोमिथियसला डेटा सोर्स म्हणून जोडा आणि १२२३९ क्रमांकाचा तयार डॅशबोर्ड आयात करा. सुरुवातीला तो पुरतो. आठवडाभर वापरल्यावर त्यातले न बघितले जाणारे आलेख काढून टाका आणि एक नवीन घाला: एकाच सर्व्हरमधल्या सगळ्या कार्डांचं तापमान एकावर एक. आठ रेषा एकत्र चालत असताना एक रेष वर सुटली, की त्या कार्डापाशी काहीतरी अडलं आहे हे आकडा न वाचताही कळतं.

९४००, ९१०० आणि ९०९० या पोर्टांवर मुळात पासवर्ड नसतो. फायरवॉलमध्ये ते फक्त मॉनिटरिंगच्या मशीनला उघडे ठेवा. इंटरनेटवर तर अजिबात नको.

६. अलर्ट: कमी आणि खरे

दिवसाला वीस मेसेज आले की एकविसावा कोणी वाचत नाही. मी पाचच ठेवतो.

पहिला, कार्डांची संख्या कमी झाली. सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. कार्ड बसवरून (मदरबोर्डशी असलेल्या जोडणीवरून) गळालं की त्याचे आकडे येणंच थांबतं. तुमचा नियम ‘तापमान ८५ च्या वर गेलं तर’ असा असेल तर तो गप्पच राहणार, कारण तापमानच येत नाही. म्हणून तापमानाच्या रेषा मोजायच्या आणि त्या अपेक्षेपेक्षा कमी भरल्या तर ओरडायचं. सोबत टार्गेट ‘डाऊन’ झाल्याचाही नियम हवा, तो दुसरा.

तिसरा, तापमान. मर्यादा मनाने ठरवू नका. ‘एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी टेम्परेचर’ दिलं की कार्ड स्वतःच सांगतं, कुठे वेग कमी होईल आणि कुठे ते बंद पडेल. वेग कमी होण्याच्या पाचेक अंश आधी, आणि पाच मिनिटं टिकलं तरच, असा नियम करा. एचबीएम मेमरीच्या कार्डांवर मेमरीचं तापमान वेगळं बघा, चिप थंड आणि मेमरी तापलेली असं होऊ शकतं.

चौथा, थर्मल व्हायोलेशनचा आकडा वाढतो आहे. मंदावणं पकडतो तो हाच.

पाचवा, एक्सआयडी. ड्रायव्हरला काही विपरीत दिसलं की तो हा क्रमांक लिनक्सच्या कर्नेलच्या लॉगमध्ये लिहितो, ‘डीमेसेज’मध्ये तो सापडतो. एक्स्पोर्टर यातला शेवटचा क्रमांक दाखवतो आणि तोच दाखवत राहतो, त्यामुळे ‘शून्यापेक्षा जास्त’ असा नियम केला तर अलर्ट बंदच होत नाही. ‘बदलला तर’ असा नियम करा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर आकडा बदलत नाही म्हणून लॉगही अधूनमधून चाळा. सगळे एक्सआयडी हार्डवेअरचे नसतात. १३ आणि ३१ बहुतेक वेळा प्रोग्रामच्या चुकीने येतात, तेव्हा ज्याचं काम चालू होतं त्याला कळवा. ४८ म्हणजे मेमरीत दुरुस्त न होणारी चूक. ६३ म्हणजे खराब ओळ बदलली, कार्ड रीसेट करायची वेळ काढा. ६४ म्हणजे ती बदलताही आली नाही, पुरवठादाराला फोन लावा. ७४ एनव्हीलिंकचा, म्हणजे कार्डांना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्याचा. आणि ७९ म्हणजे कार्ड बसवरून गळालं. त्यावर पूर्ण पॉवर काढून पुन्हा सुरू करून बघा. तेच कार्ड पुन्हा गळालं तर ते दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला, म्हणजे दोष कार्डात आहे की स्लॉटमध्ये, ते कळेल.

नियम लिहून झाले की भर दिवसा एक्स्पोर्टर मुद्दाम बंद करा आणि मेसेज ज्याच्या फोनवर यायला हवा त्याच्या फोनवर खरोखर येतो का ते बघा. मेसेज पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरचा पत्ता चुकलेला असतो, मेलचा पासवर्ड जुना असतो, आणि हे रात्री तीन वाजता कळण्यात मजा नाही.

७. खोलीही मोजा

कार्डाचं तापमान वाढलं म्हणजे कार्डच बिघडलं असं नाही. एसएक्सएमची आठ एच१०० पूर्ण भारात नुसती मिळून ५.६ किलोवॉट उष्णता टाकतात. डीजीएक्स एच१०० हा अख्खा सर्व्हर जास्तीत जास्त १०.२ किलोवॉट घेतो. दीड टनाचा स्प्लिट एसी काढू शकतो साधारण ५.३ किलोवॉट. म्हणजे अशा एका सर्व्हरला तसे दोन एसी सतत पूर्ण ताकदीने लागतात, आणि एक बंद पडला तर राखीव काहीच नाही. आपल्याकडच्या कॉलेजांत आणि छोट्या ऑफिसांत हा हिशेब सर्व्हर आल्यावर केला जातो, एप्रिलमध्ये.

त्यातून दुसरी गोष्ट, वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर चालतो आणि एसी बंद पडतो. बंद खोली काही मिनिटांत तापते. कार्डाच्या सेन्सरपेक्षा सर्व्हरच्या तोंडाशी असलेला हवेचा सेन्सर हे आधी सांगतो. ‘आयपीएमआयटूल’ने बीएमसीकडून त्याचा आकडा मिळतो, पंख्यांचे फेरेही तिथेच. आयपीएमआय एक्स्पोर्टर बसवून तेही प्रोमिथियसमध्ये घ्या. रॅकमधल्या रिकाम्या जागांना झाकणं आहेत का तेही बघा, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते.

८. अपडेट आणि इतर कंपन्यांची कार्डं

एके दिवशी सगळे आलेख अचानक सपाट होतील आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ म्हणेल, ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. रात्री आपोआप अपडेट झालं, लायब्ररी नवी आली आणि मेमरीत ड्रायव्हर जुनाच राहिला. रीबूट केलं की सुटतं. पण वेळ आपण निवडलेली बरी, म्हणून ‘एपीटी-मार्क होल्ड’ने ड्रायव्हरची पॅकेजं रोखून ठेवा आणि अपडेट ठरवून करा.

एएमडीची इन्स्टिंक्ट कार्डं असतील तर ‘एनव्हिडिया-एसएमआय’च्या जागी ‘एएमडी-एसएमआय’ येतं आणि एएमडीचा स्वतःचा डिव्हाइस मेट्रिक्स एक्स्पोर्टर आहे. इंटेलच्या गौडीसाठी ‘एचएल-एसएमआय’ वापरतात. आकड्यांची नावं वेगळी, त्यामुळे डॅशबोर्ड आणि अलर्टचे नियम पुन्हा लिहावे लागतात. प्रोमिथियस, ग्राफाना आणि आयपीएमआयचा भाग तोच चालतो.